पोत्यावर बसून सॉफ्टवेअर

सॉफ्टवेअर लिहायचं म्हणजे एसीत बसून कीबोर्ड बडवायचा, एवढंच मला ठाऊक होतं. वनस्पतिशास्त्राची पदवी आणि ऑनलाइन शिकलेलं जेमतेम प्रोग्रामिंग, एवढ्या भांडवलावर सांगलीतल्या एका छोट्या कंपनीत मी चिकटले. पहिलंच काम आलं ते मार्केट यार्डातल्या हळदीच्या आडत दुकानाचं. "आधी जाऊन नुसतं बघा," असं म्हणून साहेबांनी मला तिकडे धाडलं. दुकानात धड खुर्ची एकच, ती दिवाणजींची. मी पोत्यावर बसले आणि संध्याकाळी मागे पिवळा शिक्का घेऊन सिटी बसमधून घरी आले.

गिऱ्हाइकाला काय हवंय ते लिहून आणायचं, त्याला कंपनीत 'रिक्वायरमेंट' म्हणतात. दिवाणजींची रिक्वायरमेंट एका वाक्याची होती: "आत्ता चालतंय तसंच चाललं पाहिजे, फक्त लवकर." आत्ता कसं चालतंय? शेतकऱ्याचा माल सौद्यात विकला गेला की त्याची पट्टी करायची. वजन गुणिले दर, त्यातून हमाली-तोलाई वजा, आधी घेतलेली उचल वजा. मी खुशीत सूत्र उतरवून घेतलं.

"सगळ्यांना असंच ना?"

"असंच. फक्त उचल कुणाची एकदम कापायची आणि कुणाची थोडी थोडी, ते मी सांगतो."

"ते कशावरून ठरवता?"

"माणूस बघून."

हे 'माणूस बघून' कोडमध्ये कसं लिहायचं, यावर मी बरंच डोकं खाजवलं. अखेर त्या जागी एक रिकामी चौकट ठेवली. रक्कम दिवाणजींनी स्वतः भरायची. पुढे त्यांनी अख्ख्या प्रोग्रॅममधलं कौतुक केलं ते फक्त या चौकटीचं.

मग पैशांचा घोळ. दिवाणजी स्क्रीनकडे न बघता तोंडी बेरीज करत आणि मधूनच म्हणत, "एक पैसा कमी आलाय." कॉम्प्युटर चुकत नाही, असं मी त्यांना ऐकवलंसुद्धा. ऑफिसात येऊन जावास्क्रिप्टला ०.१ अधिक ०.२ किती ते विचारलं. उत्तर आलं ०.३०००००००००००००००४. कॉम्प्युटर आकडे शून्य आणि एक या दोनच खुणांत मांडतो. आपल्याला जसा एक भागिले तीन दशांशात संपवून लिहिता येत नाही, तसा त्याला ०.१ नेमका लिहिता येत नाही. १.००५ चे दोन दशांश ठेव म्हटलं तर तो १.०१ ऐवजी १.०० देतो. यावरचा उपाय जुना आहे: रुपये ठेवायचेच नाहीत. सगळं पैशांत, पूर्णांकात साठवायचं आणि दाखवताना फक्त टिंब द्यायचं. हे मी मोठ्या अभिमानाने दिवाणजींना समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे मी म्हणत होतो ते बरोबर होतं."

बिलाच्या पानावर मी 'डिलीट'चं लाल बटण ठेवलं होतं, चांगलं ठसठशीत. दिवाणजींनी त्यावर बोट ठेवलं. "वहीचं पान फाडत नसतात ओ ताई." जीएसटीच्या नियमात बिलाचा क्रमांक सलग हवा, आर्थिक वर्षात एकदाच यायला हवा आणि त्यात १६ पेक्षा जास्त अक्षरं-आकडे नकोत. चुकलेलं बिल रद्द म्हणून दाखवायचं, क्रमांकासकट जागेवर ठेवायचं. बटण गेलं. नावांच्या यादीत क्षीरसागर मंडळी 'क'मध्ये जाऊन बसली होती, कारण युनिकोडच्या लेखी 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष. दिवाणजी त्यांना 'ह'च्या पुढे शोधत होते. तेही निस्तरलं.

त्यामुळे पुढचं काम मसाल्याच्या कंपनीसाठी गेमचं आहे म्हटल्यावर मला हर्षच झाला. हिशेबातून सुटका! दिवाळीची जाहिरात: पाकिटावरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा, मोबाइलवर चाक फिरवायचं, बक्षीस जिंकायचं. मी चाक केलं. मनाला येईल तिथे थांबणारं, मस्त गरगरणारं. साहेबांनी फिरवलं, मिक्सर लागला. पुन्हा फिरवलं, पुन्हा मिक्सर. "पाचच मिक्सर आहेत. सहावा कोण देणार?"

असं चाक खरं तर थांबून काही ठरवत नाही, हे मला तेव्हा कळलं. बटण दाबलं की सर्व्हर आधी शिल्लक साठा बघतो, बक्षीस ठरवतो, साठ्यातून वजा करतो आणि मग चाकाला सांगतो की अमुक घरावर जाऊन थांब. गरगरणं नुसती करमणूक. मला जरा फसवल्यासारखं वाटलं. त्यावर साहेबांनी फिलिपिन्समधली १९९२ ची गोष्ट सांगितली. पेप्सीने बाटलीच्या झाकणांत क्रमांक छापले होते, मोठं बक्षीस दहा लाख पेसो. टीव्हीवर ३४९ हा क्रमांक जाहीर झाला आणि तो निघाला लाखो झाकणांवर. दंगली उसळल्या, माणसं मेली. मी निमूटपणे मिक्सरची स्टॉकवही लिहायला घेतली.

ती वाया गेली. कंपनीच्या वकिलांनी चाक बघून मान हलवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विक्री वाढवण्यासाठी घेतलेल्या सोडती आणि स्पर्धा 'अनुचित व्यापारी प्रथे'च्या व्याख्येत येतात, ही भानगड नको, म्हणाले. मग ठरलं की खेळेल त्या प्रत्येकाला सारखंच सवलतीचं कूपन द्यायचं, आणि चाकाऐवजी वरून पडणाऱ्या मिरच्या टोपलीत झेलायच्या.

माझ्या फोनवर मिरच्या झकास पडत होत्या. कंपनीच्या शेठजींच्या नव्या फोनवर त्या दुप्पट वेगाने कोसळल्या. माझा पडदा सेकंदाला ६० वेळा नवं चित्र काढणारा, त्यांचा १२० वेळा. आणि मी दर चित्राला मिरची ठरावीक अंतर खाली सरकवत होते. किती वेळ गेला त्यावरून सरकवायची असते. शेठजींची एकही मिरची टोपलीत पडली नव्हती, आणि हे त्यांच्या नातवंडांसमोर.

गेम सुरू झाला त्याच रात्री गुणफलकावर कुणीतरी ९९,९९,९९९ गुण घेऊन वर बसला. तो खेळलाच नव्हता; ब्राउझरमधून सरळ आकडा पाठवला होता. खेळणाऱ्याच्या फोनने सांगितलेली बेरीज मानायची नाही, हा धडा. आता प्रत्येक झेललेली मिरची वेळेसकट सर्व्हरवर येते, तेवढ्या वेळात तेवढ्या मिरच्या पडणं शक्य होतं का ते तपासलं जातं, आणि बेरीज आम्ही करतो. म्हणजे मिरचीगणिक नोंद असलेली रोजकीर्दच. सुटका कसली!

दिवाळी झाल्यावर शेठजींनी एकच विचारलं: "यातनं पाकिटं किती खपली?" मिरच्या किती झेलल्या, कुठल्या मिनिटाला झेलल्या, सगळं माझ्याकडे होतं. कूपन कुठल्या दुकानात वटलं, त्याचा रकानाच नव्हता. दुकानदारांनी कूपनांचे क्रमांक जमेल तसे लिहून ठेवले होते: बिलामागे, सिगारेटच्या पाकिटावर, कॅलेंडरच्या फाटक्या पानावर. ते सगळं एका पिशवीतून ऑफिसात आलंय. दोन, सात आणि नऊ ओळखू येत नाहीत असा एक दुकानदार आहे, त्याला उद्या फोन करायचाय.