बस्तीत बसून मागायचं काय?



गेल्या महिन्यात बस्तीत भेटलेल्या प्रत्येकीने विचारलं, "भावजींचं कुठवर आलं?" उभ्याउभ्या सांगण्यासारखं ते नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

माझे धाकटे दीर दीड वर्षापासून डायलिसिसवर आहेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास. घरातल्या कुणाची किडनी चालेल का, ते आधी बघून झालं. जाऊबाईंना साखर, आमच्या ह्यांना रक्तदाब, सासूबाई तर एक्याऐंशीच्या. पुतणी तयार होती, कायद्याने मुलीची चालतेही. पण भावजींनी हात जोडले. "तिचं लग्न व्हायचंय, बाळंतपणं व्हायचीत. तिची नको." यावरून बापलेकीत महिनाभर अबोला होता. शेवटी रुग्णालयामार्फत पुण्याच्या विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव लागलं. म्हणजे मेंदूमृत झालेल्या कुणाच्या घरच्यांनी होकार दिला, रक्तगट जुळला आणि आपला क्रम आला, तर.

नाव लागल्यावरच्या पहिल्या चतुर्दशीला जाऊबाई अभिषेक चालू असताना उठून बाहेर आल्या. म्हणाल्या, "अक्का, मी काय मागू? लवकर मिळू दे म्हटलं, तर कुणाचं तरी माणूस लवकर जाऊ दे असंच झालं की!"

मला काही बोलता येईना. हाताने केली तेवढीच हिंसा, असं आपल्यात नाहीच. कृत, कारित, अनुमोदना, तेही मनाने, वचनाने, कायेने, हे आपण पाठशाळेत घोकलंय. त्यातच भेटायला आलेले एक गृहस्थ सहज बोलून गेले, "आता सुट्ट्या लागल्या, हायवेला गाड्या वाढतील, नंबर लागेल बघा." ते चांगल्या मनाने म्हणाले असतील, पण जाऊबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. (आजाऱ्याच्या घरी जाताना काय बोलायचं नाही, यावर एकदा वेगळं लिहायला हवं.)

मार्ग काढला सासूबाईंनी. त्या म्हणाल्या, "आपला देव वीतरागी. तो कुणाला देत नाही, कुणाचं घेत नाही. कोण कधी जाणार, ते ज्याच्या त्याच्या आयुष्यकर्मावर. तुझ्या मागण्याने कुणी मरणार नाही, पण मागून मागून तुझं मन मात्र खराब होईल. त्यापेक्षा ज्या घरावर ती वेळ येईल, त्या घरासाठी माळ ओढ." तेव्हापासून संध्याकाळी णमोकाराची एक माळ आमच्या घरात त्या अनोळखी घरासाठी असते. मनात किडनी येत नाही असं नव्हे. इष्टवियोग, अनिष्टसंयोग, पीडाचिंतन, निदान, आर्तध्यानाचे चारही प्रकार आमच्या ओसरीवर मुक्कामाला आहेत. पण माळ हातात असते तेवढा वेळ दुसऱ्या कुणाचा तरी विचार होतो.

स्वयंपाकाचंही थोडं सांगते, कारण अनेकींच्या घरी हा आजार आहे. आपण बटाटा खात नाही म्हणून पोटॅशियमची काळजी नको, असं समजू नका. बटाट्याऐवजी आपण सर्रास वापरतो त्या कच्च्या केळ्यातही ते भरपूर असतं. टोमॅटो आणि शहाळ्याचं पाणीही जपूनच. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं. कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका, त्यात पोटॅशियमच घातलेलं असतं. पाणी तर भावजींना चहा-आमटीसकट मोजून मिळतं. दशलक्षणात आपण दहा दिवस घसा कोरडा करतो, त्यांना ते बाराही महिने आहे.

नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, "शरीर सोडायचंच आहे, मग हा खटाटोप कशाला? सल्लेखना सांगितलीच आहे ना?" मला राग आला, पण प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंडक श्रावकाचारा'त सल्लेखना सांगितली, ती उपसर्ग, दुष्काळ, म्हातारपण किंवा रोग असा आला की ज्यावर इलाजच नाही, तेव्हासाठी. आणि त्यांची स्वतःची कथा आठवा. भस्मक रोग झाला, तेव्हा त्यांनी गुरूंकडे समाधिमरणाची परवानगी मागितली. गुरूंनी दिली नाही. आधी रोग बरा कर, मग पुन्हा दीक्षा घे, म्हणाले. इलाज असताना तो करणं म्हणजे देहाचा मोह, असं मला तरी वाटत नाही.

दुसरा प्रश्न तुमच्यातल्याच एकीचा: हृदय चालू असताना जीव गेला, असं कसं म्हणायचं? मी मुनिमहाराज नाही, मला समजलं तेवढं सांगते. दहा प्राणांत श्वासोच्छ्वास एक आहे. मेंदूमृत ठरवताना व्हेंटिलेटर काही मिनिटं बाजूला करून श्वास आपणहून येतो का, हेच पाहतात. सहा तासांनी सगळी तपासणी पुन्हा करतात. ठरवणाऱ्या डॉक्टरांमध्ये प्रत्यारोपण करणारे नसतात. हे कळल्यावर माझ्या मनाची टोचणी कमी झाली.

वैशाखात एकदा रात्री साडेअकराला पुण्याहून फोन आला. एका किडनीसाठी एकाहून जास्त रुग्णांना बोलावतात, तसे आम्हीही त्यातले एक. माझ्या मुलाने सांगलीहून गाडी काढली. पहाटे रक्त घेतलं, क्रॉसमॅच जुळली नाही. किडनी दुसऱ्याला गेली. परतताना बराच वेळ कुणी बोललं नाही. कराडच्या अलीकडे भावजी म्हणाले, "कुणाच्या तरी घरी पोचली ना, झालं तर." मग देणाऱ्या त्या माणसासाठी त्यांनी नऊ वेळा णमोकार म्हटला. त्या वेळी जाऊबाई रडल्या. नवऱ्याची किडनी हुकली म्हणून की त्या दुसऱ्या घरासाठी, ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, डायलिसिसला वेळेवर गेलो.

त्या आठवड्यात घरातल्या सगळ्यांनी अवयवदानाचे अर्ज भरले. नुसता अर्ज पुरत नाही, ऐन वेळी घरच्यांचा होकार लागतो, म्हणून सगळ्यांनी एकमेकांसमोर बोलून ठेवलं. सासूबाईंनी विचारलं, "माझं काय चालेल?" डोळे चालतील म्हटल्यावर त्यांनी पुतणीकडून सगळं पाठ म्हणून घेतलं. पंखा बंद करायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, नेत्रपेढीला लगेच फोन, सहा तासांच्या आत. तो फोन नंबर आता देवघराशेजारी भिंतीवर लावलाय.

भावजींचा क्रम अजून आलेला नाही. रात्री जाऊबाईंचा मोबाईल उशाशी असतो आणि तयार बॅग दाराजवळ.