अर्धवट फियाटची किंमत



जुनी वस्तू विकताना भाव ठरवणं त्यामानाने सोपं. पण अर्धी दुरुस्त केलेली वस्तू विकायची झाली, तर घरातल्या घरातच घासाघीस सुरू होते. आमच्याकडे ती वस्तू म्हणजे १९७० ची फियाट ११०० डिलाइट, सासऱ्यांनी घेतलेली. ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची. तो उद्योग उभारणारे शेठ वालचंद हिराचंद सोलापूरच्या दिगंबर जैन घरातले, त्यामुळे अण्णांना तिचं भारी कौतुक होतं.

अण्णांच्या माघारी ह्यांनी ती पूर्ण खोलून नव्याने उभी करायला घेतली. इंजिन बांधून झालं, पत्र्याचं काम झालं. मग ह्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं आणि गाडी शेडमध्ये ठोकळ्यांवर राहिली. रंग, वायरिंग, सीट, ब्रेक, काचांची रबरं, सगळं बाकी. आता वाकून काम करायला डॉक्टरांची मनाई आहे, म्हणून विकायची ठरली.

"वहीत दोन लाख ऐंशी हजार खर्च आहे. तीन तरी सांगू," हे म्हणाले.

"अहो, खर्च आपला झाला. घेणाऱ्याला अजून किती घालावे लागतील ते बघू या," मी म्हटलं.

मिस्त्रींना बोलावून उरलेल्या कामाचा अंदाज घेतला. तो दोन लाखांचा निघाला. ओळखीत अशीच एक तयार, चालती गाडी साडेचार लाखांना गेली होती. त्यातून दोन गेले, अडीच उरले. शिवाय अर्धवट कामात पुढे काय निघेल सांगता येत नाही. ती जोखीम आणि धावपळ घेणाऱ्याची, तिचे साठ हजार वजा केले. राहिले एक लाख नव्वद हजार. आकडा ऐकून हे बराच वेळ गप्प बसले. सहा वर्षांचे रविवार त्यात होते. पण त्या रविवारांचा आनंद ह्यांनी घेऊन झाला होता, त्याचे पैसे दुसऱ्याकडून कसे मागायचे?

दुसरा प्रश्न सांगण्या-न सांगण्याचा. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजला होता, तिथे जोड दिला आहे. मॅट टाकली की दिसत नाही. पुढचा बंपर आणि मागच्या दिव्यांच्या काचा डुप्लिकेट आहेत. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार आहे, म्हणजे बनावट वस्तू अस्सल म्हणून देणं. आपण तो शब्द ऐकतो तेव्हा डोळ्यांपुढे दुधात पाणी घालणारा येतो. शेडमधला बंपर येत नाही.

इथे तर त्याचा पैशांशी थेट संबंध आहे. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूप टिकवलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. त्यामुळे गिऱ्हाईक आधी 'ओरिजिनल किती?' हेच विचारतं. आम्ही कागदावर तीन रकाने केले: झालेलं काम, राहिलेलं काम, मूळ नसलेले भाग. सुटे भाग डब्यांत भरून नावं लिहिली. आरसी बुक अण्णांच्या नावावर होतं, ते आधी वारसाहक्काने ह्यांच्या नावावर करून घेतलं. कागद अडकले की चांगल्या गाडीचाही भाव पडतो.

पहिल्या गिऱ्हाइकाने यादी वाचली आणि परत फिरकला नाही. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, बोलले काही नाहीत. दुसऱ्याने मॅट उचलून जोड पाहिला, डबे मोजले आणि एक लाख ऐंशी म्हणाला. आम्ही पंच्याऐंशीवर थांबलो.

दशलक्षणात उत्तम आर्जव आणि उत्तम आकिंचन्य ह्यांवर आपण दरवर्षी प्रवचन ऐकतो. तुमच्याही घरी अर्धवट राहिलेलं काही विकायचं असेल, तर दोषांची यादी आधी करा आणि आकडा नंतर ठरवा. वहीतला खर्च मात्र गिऱ्हाइकाला दाखवू नका. तो आपल्या हौसेचा हिशेब आहे.

जय जिनेंद्र.