मुक्त प्रणाली आणि तगादेदार

मुक्त संगणकप्रणालीबरोबर जो परवाना येतो, त्याच्या अखेरीस बहुधा मोठ्या रोमन अक्षरांत छापलेला एक परिच्छेद असतो आणि त्यात असे नमूद केलेले असते की, ही वस्तू आहे त्या स्थितीत दिली जात असून तिच्या गुणवत्तेची अथवा तिच्यामुळे होणाऱ्या नुकसानीची कोणतीही जबाबदारी कर्त्यावर नाही. त्याच परवान्याच्या पूर्वार्धात वापरण्याची, तपासण्याची, बदलण्याची आणि पुढे वाटण्याची मुभा इतक्या उदार हाताने दिलेली असते की, घेणारा तेवढाच भाग ध्यानात ठेवतो. ग्नू परवान्याची दुसरी आवृत्ती १९९१ साली निघाली आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा आरंभही त्याच साली केला. तेव्हापासून या दोन पक्षांचा संबंध कायद्याच्या दृष्टीने अगदी स्वच्छ आहे, कारण देणाऱ्याने काही कबूल केलेले नाही आणि घेणाऱ्याने काही मोजलेले नाही. परंतु जी वस्तू रोज हाताशी असते, तिच्यावर वहिवाटीने आपला हक्क उत्पन्न झाला असे माणसाला वाटू लागते, आणि मग विनंतीची फिर्याद केव्हा होते व फिर्यादीचा तगादा केव्हा होतो, हे लिहिणाऱ्याच्याही लक्षात येत नाही.

या तगाद्याकडे आम्ही व्यावसायिक मंडळी वर्षानुवर्षे शिष्टाचाराचा प्रश्न म्हणून पाहत आलो. तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे, हे २०२४ च्या मार्च महिन्यात कळले.

एक्सझेड युटिल्स ही फाइली दाबून लहान करणारी प्रणाली जवळजवळ प्रत्येक लिनक्सच्या पोटात असते, आणि तिचा कारभार फिनलंडचे लासे कोलिन दीर्घकाळ, विनावेतन, फावल्या वेळात पाहत आले होते. २०२१ च्या अखेरीस जिया टॅन या नावाने कुणीतरी तिच्यात बारीकसारीक दुरुस्त्या पाठवू लागले. पुढल्या वर्षी अन्य काही नावांनी कोलिन यांच्यावर पत्रांचा मारा सुरू झाला: दुरुस्त्या महिनोन्महिने पडून का राहतात, काम झेपत नसेल तर ते दुसऱ्याच्या हवाली का करीत नाही, लोकांना अधिक हवे असताना वाट का अडवून धरता. कोलिन यांनी उत्तरात आपल्या दीर्घकालीन मानसिक अस्वास्थ्याचा उल्लेख केला आणि हे काम बिनपगारी छंद म्हणून चालते, याचे स्मरण दिले. त्यावरही सहानुभूतीच्या एका ओळीमागून तोच तगादा पुन्हा आला. अखेर जिया टॅन सहकारभारी झाले, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत, चाचणीसाठी ठेवलेल्या फाइलींच्या आड, दूरवरच्या सर्व्हरांचा ताबा मिळवून देणारा चोरदरवाजा बसवला गेला. सर्व्हरवर प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, एवढ्याशा शंकेचा छडा लावीत आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने २९ मार्च रोजी हे सारे जाहीर केले, आणि त्या आवृत्त्या बहुतांशी चाचणीच्या टप्प्यातील वितरणांपर्यंतच पोहोचल्या होत्या म्हणून अनर्थ टळला.

तगादा करणारी ती नावे याच कटातील असावीत, असे जाणकार मानतात. मला मात्र त्याहून अधिक अस्वस्थ करते ते हे की, ती पत्रे कोलिन यांना खोटी वाटण्याचे काही कारणच नव्हते. खरी पत्रेही तशीच असतात. तोच सूर, तीच घाई, तोच उपकारकर्त्यावरचा संशय. कटवाल्यांना नवे हत्यार घडवावे लागले नाही. आम्हां सर्वांच्या सवयीने ते आधीच तयार करून ठेवले होते.

जुन्या फाँटांत जुळवलेला मराठी मजकूर युनिकोडात आणून देणारी एक लहानशी मुक्त प्रणाली मी सांभाळतो, म्हणून या पत्रांची मला ओळख आहे. एका छापखान्याच्या व्यवस्थापकांनी, अंक यंत्रावर चढण्याच्या आदल्या सायंकाळी, प्रणालीतील दोष रात्रीतून दूर करून मिळावा असे मला फर्माविले आणि असली वस्तू लोकांना देताच कशाला, असेही विचारले. त्याच दोषाविषयी एका निवृत्त मुद्रितशोधक बाईंचेही पत्र आले होते. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांची गल्लत नेमकी कोठे होते, मूळ मजकूर काय होता, निघाला काय, आणि कोणत्या फाँटात तसे होत नाही, हे त्यांनी तक्ता करून लिहिले होते. माझे काम त्यामुळे तक्त्यातील एका ओळीवर आले. वापरणाऱ्यांवर सरसकट ठपका ठेवणे मला मान्य नाही, ते या बाईंमुळे. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस या सर्वांत अक्षरजुळणीचे काम हार्फबझ ही मुक्त प्रणाली करते, आणि ज्या विकसकाला देवनागरी वाचता येत नाही, त्याला एखादे जोडाक्षर मोडले आहे हे आपल्यासारख्या वाचकानेच दाखवून द्यावे लागते. विकसकांकडूनही औद्धत्य घडते. खुद्द टोरवाल्ड्स यांनी २०१८ साली आपल्या कठोर भाषेबद्दल जाहीर क्षमा मागून काही काळ कामातून रजा घेतली होती.

परंतु एकट्यादुकट्या वापरणाऱ्याच्या रागात अज्ञान असते, ते क्षम्य आहे. ज्या कंपन्यांचे उत्पन्नच या प्रणालींवर उभे आहे, त्यांचा तगादा मला क्षम्य वाटत नाही. लॉगफोरजे या प्रणालीतील भयंकर दोष डिसेंबर २०२१ मध्ये उघड झाल्यावर, ‘कर्ल’ या दुसऱ्याच मुक्त प्रणालीचे स्वीडिश कर्ते डॅनियल स्टेनबर्ग यांना एका बलाढ्य अमेरिकी कंपनीने चोवीस तासांत खुलासा मागणारे पत्र धाडले, कर्लचा त्या दोषाशी काही संबंध नव्हता आणि त्या कंपनीशी स्टेनबर्ग यांचा कोणताही करार नव्हता. २०१४ साली हार्टब्लीड हा दोष सापडला तेव्हा, जगातील बहुसंख्य गोपनीय व्यवहार ज्या ओपनएसएसएलवर विसंबून होते, तिला वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलरच देणगीदाखल मिळत होते. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत निधी उभारला, हे खरे. पण एक्सझेडपर्यंत तो ओघ पोहोचला नाही.

कोलिन यांनी मे २०२४ मध्ये ५.६.२ ही आवृत्ती काढून तो चोरदरवाजा निपटून टाकला. विश्वासाची हानी इतक्या लवकर भरून निघणारी नाही. गेल्या वर्षापासून सोलापूरची एक विद्यार्थिनी माझ्या प्रणालीसाठी दुरुस्त्या पाठवते. तिचे काम चोख, भाषा सौम्य, उत्तर तत्पर. आणि नेमक्या याच गुणांनी जिया टॅन यांनी आपला मार्ग मोकळा केला होता. म्हणून मी तिची प्रत्येक ओळ दोनदा वाचतो, त्याचे कारण तिला सांगितले आहे आणि तिने ते समजूनही घेतले आहे. पण जितकी तपासणी अधिक तितका विलंब अधिक, आणि विलंब दिसला की तगाद्याची पत्रे पुन्हा येतात. येत्या वर्षी कारभाराचा काही भाग तिच्याकडे सोपवण्याचा माझा मनोदय आहे. त्याआधी आम्हां दोघांचेही काम तपासणारा तिसरा जाणकार हवा, आणि त्याच्या मानधनासाठी, ही प्रणाली ज्यांच्या कचेऱ्यांत रोज चालते, अशा प्रकाशकांना मी सध्या पत्रे लिहीत आहे.