छबीचा कोपरा

घरातील वडीलधारे माणूस देवाघरी गेले, की अंत्यविधीच्या धावपळीतच एक शोध सुरू होतो : बरेसे छायाचित्र आहे का? पुष्कळ घरांत ते नसते. मग आधार कार्डावरचा घाबरलेला चेहरा मोठा करून चौकटीत बसविला जातो, नाहीतर लग्नातील समूहचित्राच्या मागच्या रांगेतून तो कापून काढावा लागतो. कंधार परिसरातील आमच्या ऊसतोड कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. नाताळात यांतील कितीतरी माणसे दूरच्या कारखान्यांसाठी फडात राबत असतात. म्हणून आमचा कुटुंबमेळावा पुनरुत्थानाच्या सणानंतर भरतो. यंदाच्या मेळाव्यात आम्ही एका कोपऱ्यात टॅब्लेट उभा केला आणि छायाचित्रकाराला मुद्दामच बोलाविले नाही.

कॅमेऱ्यामागे परका पुरुष उभा राहिला, की आमच्या आज्या पदर ओढून अंग चोरतात. ही अडचण जुनीच आहे. कंधार १९४८ पर्यंत ज्या निजामी राज्यात होते, त्याच्या राजधानीत, हैदराबादेत, राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये स्त्रियांसाठी खास जनाना स्टुडिओ काढला होता. तेथे छायाचित्रे घेण्याचे काम एका इंग्रज बाईंकडे होते. अर्थात ती सोय सधन घराण्यांची. पुढे सैबेरियातून अमेरिकेत गेलेल्या अनातोल जोसेफो यांनी १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर स्वयंचलित छायाचित्रपेटी मांडली. पडद्याआड बसावे, २५ सेंट द्यावेत आणि स्वतःच्या आठ छबी घेऊन बाहेर पडावे. आमचा कोपरा त्याच पेटीच्या वंशातला.

मांडणी सोपी आहे. पण ती माणूस पाहून करावी लागते. तिपाईवरील टॅब्लेटचा पुढचा कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर यावा. अंतर चारेक हात. उजेड समोरच्या खिडकीतून घ्यावा. खिडकी पाठीशी आली तर चेहरे काळवंडतात. मागे एकरंगी चादर. टायमर दहा सेकंदांचा, कारण म्हाताऱ्या माणसांना सावरून बसायला तेवढा वेळ लागतो. पडदा आपोआप बंद होऊ नये आणि कॅमेऱ्याखेरीज दुसरे काही उघडू नये, अशी सोय सेटिंग्जमध्ये असते. आयपॅडवर तिला ‘गाईडेड ॲक्सेस’ म्हणतात. इंटरनेट बंद ठेवावे. उन्हाची काळजी मात्र आपणच घ्यायची. आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा, असे त्याचे निर्माते सांगतात. मराठवाड्यातला एप्रिल त्याच्या पुढे जातो. म्हणून पत्र्याचा मांडव टाळून आम्ही जाड भिंतींची खोली आणि सकाळची वेळ निवडली.

पडद्याआड काय घडले, ते आम्ही पाहिले नाही. शेजारच्या छोट्या प्रिंटरमधून जे कागद आले, त्यांवरून थोडे उमगले. दरवेळी मागच्या रांगेत लपणाऱ्या एका आजींनी चार वेळा बटण दाबले होते. चौथ्या छबीत त्या मनमोकळ्या हसल्या आहेत. ज्या नवरा-बायकोची जोडी मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणून लिहिली जाते, ती दोघे प्रथमच शेजारी शेजारी बसून टिपली गेली. त्यांनी हातात काहीही धरले नव्हते.

प्रत्येक कुटुंबाला दोन प्रती दिल्या आणि त्यांच्यासमक्ष टॅब्लेटवरील छायाचित्रे पुसली. पुसलेली छायाचित्रे आयपॅडच्या वेगळ्या कप्प्यात तीस दिवसांपर्यंत राहतात. तो कप्पाही रिकामा केला. गरिबाचा चेहरा अहवालांत आणि पत्रकांत त्याला न विचारता पुष्कळदा छापला जातो. येथे तरी तो ज्याचा त्याच्याकडेच राहावा, असे आम्हांला वाटले.

मनुष्य देवाच्या प्रतिरूपात घडला आहे, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ करतो. त्या वर्गासाठी ज्या धर्मग्रामात टॅब्लेट आला असेल, तेथे सणाच्या दिवशी तो तासभर एका कोपऱ्यात उभा करावा, आणि सर्वांत आधी मागच्या रांगेतल्यांना बोलवावे.