व्हीसीआर, आजी आणि अडीच हजार रुपये

वाद सुरू झाला रामफळाच्या झाडावरून. मामा म्हणाला, ते विहिरीच्या डाव्या हाताला होतं. आजी म्हणाली, उजव्या. दोघंही हट्टी. जेवणं आटोपली, भांडी घासून झाली, तरी झाड काही जागेवर बसेना!

'चला, जाऊन बघून येऊ' म्हणायची सोय नाही. कारण आमचं आजोळ पोफरण. तारापूर अणुऊर्जा केंद्राचं तिसरं आणि चौथं युनिट उभारताना अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन्ही गावं उठली आणि दुसरीकडे वसवली गेली. २००५ मध्ये चौथं युनिट सुरू झालं, २००६ मध्ये तिसरं. (हो, आधी चौथंच!) मी तेव्हा प्राथमिक शाळेत. मला गाव म्हणजे मासळीचा वास आणि पायाला लागलेली वाळू, एवढंच आठवतं.

"मावशीच्या लग्नाची कॅसेट आहे ना," आई म्हणाली. "अंगणातच मांडव होता. त्यात दिसेल."

१९९६चं लग्न. कॅसेट कपाटावरच्या बॅगेत सापडली. तिच्या शेजारी व्हीसीआरही होता, उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलेला. प्लग लावला, दिवा लागला. मी भलतीच खूश! कॅसेट आत सरकवली. घर्रर्र... खट्... आणि दहा सेकंदांत महाशयांनी ती परत बाहेर ढकलली. नशीबच म्हणायचं, कारण नंतर कॅसेट उजेडात धरली तर काचेतून आत पांढरी भुकटी दिसत होती. बुरशी. समुद्राकाठच्या दमट हवेत पंचवीस-तीस वर्षं पडलेल्या टेपचं दुसरं काय होणार?

आजी ८१ वर्षांची आहे आणि तिला काचबिंदू आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती टिकवायची. त्यामुळे 'बघू दिवाळीत' हे उत्तर या वेळी चालणार नव्हतं. बजेट पाच हजार. फ्रीलान्सरचं बजेट म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असेलच. तीन महिन्यांपूर्वीच्या लेखाचा चेक अजून 'प्रोसेसमध्ये' असतो.

पहिला विचार आला तो नवीन घेण्याचा. तर मंडळी, नवीन व्हीसीआर ही वस्तू आता जगात कुणी बनवतच नाही. जपानची फुनाई ही शेवटची कंपनी उरली होती. सुटे भाग मिळेनात म्हणून तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. मग सेकंडहँड? ऑनलाइन एकाने नऊ हजार सांगितले, 'फुल वर्किंग'. मी म्हटलं, कॅसेट लावून व्हिडिओ पाठवा. त्याने पॉवरचा लाल दिवा लागल्याचा फोटो पाठवला.

मुंबईत एक डिजिटायझेशनवाला गाठला. कॅसेटमागे काही शे रुपये, म्हणजे अगदी बजेटमध्ये. पण बुरशी म्हटल्यावर त्याने हात जोडले. तेव्हा राग आला, पण त्याचंही बरोबर होतं. एक बुरशीची कॅसेट मशीनमध्ये फिरली की बुरशी हेडला लागते आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या टेपवर जाते.

उरला पर्याय रिपेअरिंगचा. पालघरला स्टेशनपासून सुरुवात केली. २०१४ साली जिल्ह्याचं ठिकाण झाल्यापासून इथे मोबाइलची दुकानं पावलोपावली. टीव्हीवाले तिघे भेटले. एकाने व्हीसीआर बघून "अरे वा!" म्हटलं, प्रेमाने वरची धूळ पुसली आणि परत दिला. "एलईडीचं पॅनल असेल तर सांगा."

शेवटी बोईसरलाच, घरापासून दहा मिनिटांवर, एक काका मिळाले. साठीच्या पुढचे, दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. त्यांनी झाकण काढलं आणि मला स्टुलावर बसवून शिकवणीच सुरू केली. व्हीसीआरमध्ये बिघडतात त्या बहुतेक साध्या गोष्टी, हे तेव्हा कळलं. रबरी बेल्ट सैल पडतात. टेप पुढे ओढणारा पिंच रोलर टणक होतो. पॉवर सप्लायचे कपॅसिटर सुकतात. टेप गुंडाळणारं चाक फिरलं नाही तर सेन्सरला कळतं आणि टेपचा गुंता होऊ नये म्हणून मशीन स्वतःच थांबतं. म्हणजे आमचा व्हीसीआर बिघडलेला असूनही शहाणाच होता!

खरी नाजूक वस्तू म्हणजे हेड ड्रम. मिनिटाला १५०० फेरे घेणारा, चकचकीत. तो पुसायचा तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला साधा कागद त्याला टेकवून धरायचा आणि ड्रम हाताने हळूच फिरवायचा. कागद वर-खाली घासायचा नाही, कापसाची काडी तर अजिबात नाही. हेडचं टोक तुटलं की खेळ खलास. हे अल्कोहोल मोबाइल रिपेअरिंगवाल्यांकडे असतं.

बेल्ट आणि रबरी टायर मिळाले लॅमिंग्टन रोडला. विरारला गाडी बदलून ग्रँट रोड, जुने बेल्ट पाकिटात घालून. दुकानदाराने मॉडेल नंबर विचारलाच नाही, बेल्ट बोटांत ताणून मापाचे काढून दिले. पण एका प्लास्टिक गिअरला बारीक तडा गेला होता आणि तो पार्ट कुठेच नाही. त्या दिवशी डहाणू लोकलमध्ये विंडो सीट मिळूनही मी तोंड पाडून बसले होते.

मग बाबांना शेजारचे काका आठवले, ते डायमेकर. चिंचणीपासून बोईसरपर्यंत घराघरांत दागिन्यांचे साचे कोरणारे हात आहेत, आपल्याला त्याचं अप्रूप नसतं एवढंच. त्यांनी गिअर भिंगाखाली धरला आणि "चिकटवू नका, परत उलणार," असं म्हणून संध्याकाळपर्यंत एक इवलीशी पितळी रिंग कातून तड्याभोवती घट्ट बसवून दिली. पैसे विचारले तर म्हणाले, "लग्नाला मीपण होतो. दिसलो तर सांग."

टेपची साफसफाई मी गच्चीत केली, मास्क लावून. कॅसेटच्या तळाला पाच स्क्रू असतात. एका टाकाऊ सिनेमाच्या कॅसेटचं कवच घेतलं, लग्नाची रिळं त्यात ठेवली आणि कोरड्या मऊ कापडातून टेप हाताने सावकाश एका रिळावरून दुसऱ्यावर घेतली. अर्धा इंच रुंद, सुमारे अडीचशे मीटर लांब! खांदे दुखून आले. आपण काही एकटेच वेडे नाही, एवढाच दिलासा. चुंबकीय टेपांवरचं जगभरचं ध्वनिचित्रमुद्रण हातचं जाईल म्हणून २०१९ मध्ये युनेस्कोनेही 'मॅग्नेटिक टेप अलर्ट' नावाचा प्रकल्प काढला होता.

आधी दुसरी टाकाऊ कॅसेट लावून बघितली. चालली. मग लग्नाची. लॅपटॉपला कॅप्चर डोंगल, पिवळी-पांढरी-लाल वायर, आणि रेकॉर्ड. इथे शॉर्टकट नाही, तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात. बेल्ट-टायर ३५०, कपॅसिटर १५०, मजुरी ९००, अल्कोहोल १२०, डोंगल ७५०. एकूण २,२७०. प्रवास आणि वडापाव धरून अडीच हजारांच्या आत.

रविवारी सगळे जमले. कॅमेरामनला घराशी काही देणंघेणं नव्हतं. त्याने वऱ्हाड टिपलं, प्रेशर कुकरचे आहेर टिपले, बदामाच्या आकारात नवरा-नवरी फिरवली. मावशी स्वतःच्या मेकअपवर हसत होती. आजी मात्र लॅपटॉपला नाक लावून माणसांच्या मागे बघत होती.

आणि एका जागी, नवरदेवाच्या खांद्यामागे, जेमतेम चाळीस सेकंद, ओटा दिसला. ओट्याच्या तीन पायऱ्या. पलीकडे विहिरीचा कठडा आणि त्याला लागून ते झाड.

"बघ, डावीकडे!" मामा ओरडला.

"तू रस्त्यावरून बघतोयस," आजी म्हणाली. "मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायची."

खुर्च्यांच्या मागे डायमेकर काका दिसले, तरुण, मिशीवाले. आई लगेच त्यांना हाक मारायला गेली. मी फाइल पुढे सरकू दिली, तर आजीने माझा हात धरला.

"थांबव गं. तिथेच राहू दे."

व्हीसीआरवर पॉज फार वेळ ठेवला की टेप झिजते, फाइलला तो प्रश्न नाही. चित्र थांबवलं. आजी पायऱ्यांकडे बघत राहिली. लॅपटॉपची बॅटरी बारा टक्क्यांवर आली, तेव्हा मामानेच उठून चार्जर लावला.