फुस्स!

मंडळी, गेल्या दिवाळीत एक उद्योग केला. पुण्यात सेकंडहँड घेतलेली टर्बो पेट्रोल गाडी घेऊन शहाद्याला घरी गेलो. डिकीत आईच्या साडीशेजारी एक ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह होता. ऑनलाइन मागवलेला, निळा, चकचकीत. गिअर बदलताना "फुस्स" करणारा. वय अठ्ठावीस, डोक्यावर ईएमआय, पण हौस अकरावीतलीच!

शाळेतल्या मित्राचं गॅरेज आहे. त्याने वस्तू उलटीसुलटी पाहिली आणि विचारलं, "भो, बोलेरोला असलं काही का नसतं?"

प्रश्न भारी होता. डिझेल इंजिनात ताकद कमी करायला हवा अडवत नाहीत, डिझेल कमी सोडतात. पेट्रोलमध्ये मात्र पाय उचलला की थ्रॉटल बंद होतो. टर्बो तोपर्यंत मिनिटाला लाखभर फेरे घेत हवा ढकलतच असतो. ती हवा बंद दारावर आपटून उलटी टर्बोच्या पात्यांवर येते. फडफड आवाज होतो, टर्बोला त्रास होतो. अशा वेळी मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूममुळे व्हॉल्व्ह उघडतो आणि हवेला वाट देतो. माझ्या गाडीत हे काम करणारा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह आधीपासून होताच. तो हवा गुपचूप इनटेकमध्ये परत पाठवायचा. नवा ती बाहेर सोडतो. फरक काय तो आवाजाचा!

क्लॅम्प सोडले, व्हॅक्यूमची नळी जोडली, परतीच्या पाइपला बूच मारलं. आता स्प्रिंग. सैल ठेवली तर आयडलला व्हॉल्व्ह उघडा राहून न गाळलेली हवा ओढतो, गाडी डुगडुगते. फार आवळली तर तो उघडतच नाही, पुन्हा फडफड. मग पाव-पाव फेरा फिरवत प्रकाशाच्या रस्त्यावर सहा चकरा. शेवटी फडफड थांबली, आयडल स्थिर झालं आणि असा काही "फुस्स" आला की मित्रानेही टाळी दिली.

दुसऱ्या दिवशी आप्पांना घेऊन तोरणमाळ. आप्पा एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. या घाटात त्यांची वर्षं गेली, पण रिटायर झाल्यावर ते इकडे आलेच नव्हते. त्यांना गाडी दाखवायची होती. खरं सांगायचं तर मला स्वतःलाच दाखवायचं होतं.

राणीपूर सोडलं, चढ लागला. दुसरा गिअर, टर्बो जोरात. समोर वळण आलं, मी पाय उचलला, क्लच दाबला. फुस्स! आणि इंजिन बंद. स्टिअरिंग दगडासारखं झालं, गाडी मागे सरकायला लागली. आरशात खचाखच भरलेली जीप. माझ्या हातापायातलं बळच गेलं.

आप्पांनी शेजारून हँडब्रेक ओढला. आवाजही चढवला नाही. "आधी स्टार्ट कर. मग घाम पूस."

वर पोचेपर्यंत अजून दोनदा तेच झालं. यशवंत तलावाशी बसल्यावर डोक्यात उजेड पडला. गाडीत आत येणारी हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी असतो. त्याने हवा मोजली, ईसीयूने तेवढं पेट्रोल सोडलं, आणि मी ती हवा मधल्या मध्ये बाहेर फेकली! पेट्रोल जास्त, हवा कमी. सपाट रस्त्यावर आरपीएम भरपूर होते म्हणून हे लक्षात आलं नाही. वळणावर आरपीएम पडले आणि इंजिन गुदमरलं. लोकलवर चालतं आणि प्रॉडक्शनला पडतं, दुसरं काय!

आप्पांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या एसटीतही असा आवाज यायचा. एअर ब्रेकचा. त्यानेही गाडी थांबायचीच."

दोन दिवसांनी जुना व्हॉल्व्ह परत बसवला. तसंही मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलांशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच स्पष्ट केलं होतं. हे मी आधी का नाही वाचलं? वाचलं होतं हो. पण म्हटलं, एवढ्याशा नळीला कोण विचारतंय!

निघायच्या आदल्या दिवशी आप्पांनी स्वतःहून किल्ली मागितली. "दे, बघू तुझा टर्बो." तोच घाट ते एका लयीत चढले. वळण दिसायच्या आधीच पाय हलका, पण कुठेही झटका नाही. मी शेजारी बसून कान देऊन ऐकत होतो. वरपर्यंत एकदाही फडफड नाही, फुस्स नाही.

वर पोचल्यावर म्हणाले, "चांगली आहे रे गाडी."

असो. व्हॉल्व्ह विकायचा आहे. एकच दिवस वापरलाय!