लिहून देणार, लिहून घेणार

सावेडीतलं ते घर पहिल्यांदा बघितलं तेव्हा भिंतीवरचं कालनिर्णय मे २०२१ वर थांबलेलं होतं. घरमालक गुरुजी त्याच महिन्यात कोरोनात गेले. त्यांची बायको आणि आई त्यांच्या आधीच गेलेल्या. जानेवारी २०२४ मध्ये कुलूप उघडून आम्ही आत शिरलो. आईने सरळ स्वयंपाकघरात जाऊन खिडकी उघडली, बाबा छताची ओल बघायला लागले. बाबांचे एसटीतून निवृत्त होताना मिळालेले पैसे आणि माझी पुण्यातली सात वर्षांची बचत, एवढ्यात बसणारं नगरमधलं हे एकच घर आम्हाला सापडलं होतं. भाव ४२ लाख.

थोरला मुलगा म्हणाला, “सोसायटीत नॉमिनी मीच आहे. माझी आणि धाकट्याची सही, झालं काम.” मग जरा आवाज खाली आणून, “महिन्यात उरकणार असाल तर ३८ ला देतो.”

चार लाख वाचत होते. बाबा तिथल्या तिथे विसार देऊन मोकळे झाले असते. मी म्हणालो, एकदा वकिलांना विचारू.

मी मोबाइलवर वाचून गेलो होतो, त्यामुळे वकीलकाकांना पहिला प्रश्न टाकला, “प्रोबेट लागेल का?” ते हसले. मृत माणसाचं इच्छापत्र खरं आहे असं न्यायालय ठरवून देतं, ते प्रोबेट. त्याची सक्ती तेव्हा मुंबईसारख्या ठिकाणी होती, नगरला नव्हती. आणि इथे तर इच्छापत्रच नव्हतं.

“मग नॉमिनी?” बाबांनी विचारलं.

काकांनी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बोट दाखवलं. हे कॅलेंडर सुरू करणारे जयंतराव साळगावकर २०१३ मध्ये गेले. त्यांचं इच्छापत्र आणि त्यांच्या गुंतवणुकींवर लागलेले नॉमिनी यांवरून घरातच वाद झाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला. १४ डिसेंबर २०२३ ला निकाल आला: नॉमिनी झाला म्हणून कुणी मालक होत नाही. तो खटला शेअर्स आणि म्युच्युअल फंडांचा होता, पण सोसायटीच्या घरालाही तोच न्याय. नॉमिनीने सांभाळायचं, मालकी वारसांची.

“वारस किती?”

“दोन मुलगे,” बाबा म्हणाले.

“आणि मुली?”

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. कुणी विचारलंच नव्हतं.

एक ताई होती, शेवगावला दिलेली. थोरला फोनवर म्हणाला, “तिच्या लग्नात सगळं केलंय आम्ही. हक्कसोडपत्र घेऊन टाकतो, तुम्ही काळजी करू नका.”

माझी समजूत होती की मुलींना हक्क २००५ मध्ये मिळाला. ती दुरुस्ती वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेची. आणि तेवढं महाराष्ट्राने १९९४ मध्येच केलं होतं. हा प्लॉट गुरुजींनी स्वतःच्या पगारातून घेतलेला. बापाच्या स्वकष्टाच्या घरात मुलगी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून मुलाइतकीच वारस आहे. बायको, मुलगे, मुली आणि मृताची आई, सगळे एकाच पायरीवर. म्हणजे ४२ पैकी १४ लाख ताईचे. उताऱ्यावर वारस नोंद करताना तिचं नाव गाळलं, तरी हक्क जात नाही. ती नोंद सरकारी कामासाठी असते, तिने मालकी ठरत नाही. ताईच्या सहीशिवाय आम्ही फार तर दोन तृतीयांश घर विकत घेणार होतो.

“पण ती हक्कसोड देतेय ना,” रात्री बाबा म्हणाले. “कायद्यात बसतंय, मग आपलं काय जातं?”

खरं तर बसत होतंच. स्वखुशीने, नोंदणी करून दिलेलं हक्कसोडपत्र चालतं.

आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मीही दिलंय. दादा गाडी घेऊन आला, पाथर्डीला नेलं, सही घेतली. कशावर ते घरी आल्यावर कळलं. साडी घेतली होती मला. मोरपंखी.”

पुढे काही बोलली नाही. मामाच्या त्या घरात मी शाळेच्या सगळ्या सुट्ट्या काढल्यात.

दुसऱ्या दिवशी मी थोरल्याला फोन केला. भाव ४२ च राहू द्या, पण खरेदीखतात लिहून देणार म्हणून तिघांची नावं आणि तिघांचे चेक वेगवेगळे. तो भडकला. “तुम्हाला घर घ्यायचंय की आमच्यात भांडणं लावायचीत?”

मला उत्तर देता आलं नाही. दोन महिने त्याचा फोन नव्हता. घर दुसऱ्या कुणाला दाखवल्याचं कळलं. मग अचानक फोन आला, “या, करू तुमच्या मनासारखं.” दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या वकिलानेही तेच विचारलं असावं.

वकीलकाकांनी पेपरात जाहीर नोटीस दिली. मुदतीत कुणाची हरकत आली नाही.

नोंदणीच्या दिवशी ताई शेवगावहून एसटीने आली. कॅमेऱ्यासमोर फोटो झाला, अंगठा झाला. दस्तावर बोट ठेवून ऑपरेटर म्हणाला, “इथे सही करा.” ताईने पर्समधून चष्मा काढला. “आधी वाचू द्या.”

तिने सगळी पानं वाचली. मागच्या रांगेत कुरकुर सुरू झाली. दोघे भाऊ पंख्याकडे बघत होते. मग तिने प्रत्येक पानावर सही केली आणि चेकवरचं स्वतःचं नाव दोनदा वाचलं.

भाऊ तिला न सांगताच निघून गेले. स्टँडवर तिला बाबांनी सोडलं. मी ज्याला न्याय म्हणत होतो, त्यात तिचं माहेरही गेलं का, हे मला अजून विचारता आलेलं नाही.

आमचं खरेदीखत आईच्या एकटीच्या नावावर झालं. तेही बाबांनी हिशेब करून. २०२१ पासून महाराष्ट्रात फक्त बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. आमचे ४२,००० वाचले.

आईने दस्त प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला, साड्यांच्या खाली. म्हणाली, “एका टक्क्यासाठी का होईना.”